भामाबाईंचं मांजर वाळवताना

ती. रंगूआत्यास, कुपवाडहून तुझ्या मल्हारचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? जतला टँकर वेळेवर येतो का? फोनवर तू "जेवलास का रं" एवढंच विचारतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहितोय.

तर आमच्या घरमालकीण भामाबाई नागपंचमीला माहेरी शिराळ्याला गेल्या आणि त्यांचं पांढरं मांजर माझ्यावर सोपवून गेल्या. "केसाला जरी धक्का लागला तर खोली खाली करायची," असं हसत म्हणाल्या (त्या हसल्या की जास्त भीती वाटते). गाडीच्या चेनसाठी कारखान्यातून जळकं तेल आणलं होतं, त्या डब्यात ते मांजर दुसऱ्याच सकाळी जाऊन बसलं. (चेन अजून कुरकुरतेच. गाडी विकून कोकणात जावं असं मनात आहे, पण ते राहू दे.)

आपण कातरणीआधी मेंढरं धुतो तसंच त्या मांजराला धुतलं, आणि मेंढरासारखंच उन्हात उभं केलं, की आता अंग झाडून मोकळं होईल. मांजर झाडत नाही, आत्या. ते बसतं आणि बघतं. भिजून एवढंसं झालेलं, लय कापत होतं. शेजारचा अर्जुना सलूनमधलं केस वाळवायचं मशीन घेऊन आला. त्याच्या आवाजानं मांजर आत कपाटावर आणि अर्जुना जिन्यात. जाताना म्हणाला, "गड्या, दुसरी खोली बघायला लाग."

तेव्हा तू आठवलीस. पावसात भिजलेलं कोकरू तू मांडीवर घ्यायचीस आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून नुसतं हळूहळू दाबत राहायचीस. मी खसाखसा पुसायला गेलो की हातावर चापट. "पुसू नगंस, टीप. आन् बोलत ऱ्हा त्याच्यासंगं, काय बी बोल." मग तू त्याला सासूचं, दिराचं सगळं सांगायचीस. कोकरू झोपायचं. मीही झोपायचो.

माझे टी-शर्ट पाणी पितच नाहीत. शेवटी नेसलेली सुती लुंगीच सोडली (दार लावून घेतलं होतं), मांजराला कपाटावरनं उतरवून गुंडाळलं आणि टिपत बसलो. काय बोलावं सुचेना, म्हणून जतच्या स्टँडपासून तुझ्या दारापर्यंत वाटेत काय काय लागतं ते सांगत गेलो. तुझं दार आलं तोवर कानसुद्धा वाळले होते. मी तसाच बसून राहिलो.

संध्याकाळी भामाबाई आल्या. मांजर हुंगून म्हणाल्या, "व्हय रं, हे तर पैल्यापेक्षा पांढरं झालंय." खोली राहिली.

तुझा,
मल्हार

ता. क. मांजराचं गावात कुणाला सांगू नकोस.

आणखी ता. क. खोली राहिलीच आहे, तर चार दिवस राहायला ये. येणार नसशील तर मीच येतो, मग खोली राहिली काय आणि गेली काय.