टाकीचा दिवस

चिंचवड,
ता. ९ डिसेंबर १९५६

सौ. गोजास,
कोंडाजीचा आशीर्वाद. इकडे थंडी पडली आहे, बाकी सर्व ठीक. चाकणला तुझ्या माहेरी सगळे खुशाल असतील. पत्र तुझे बंधू सोपानराव वाचून दाखवणार, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.

विहिरीचा रहाट, देवघरातली घंटा, दाराची कडी, तुझा अडकित्ता, माझ्या लेथचं मोठं चाक. कारागिरीच्या शाळेचं तोंड न पाहता एवढं या हातांनी केलं, आणि आता आरमाराच्या जहाजासाठी बुश. भाकरी मात्र अजून गोल होत नाही.

(बुश म्हणजे पंपाचा दांडा ज्यात फिरतो ते कडं. सोपानराव विचारतीलच.)

मंगळवारी मुंबईला आरमाराच्या गोदीत गेलो होतो. तिथल्या साहेबाने बुशाच्या कडेवरून नख फिरवलं. जाणता माणूस.

"काम चोख आहे, मिस्त्री. पण आमचा बुश आठ रुपयांत येतो, तुमचा बावीसला."

"तिप्पट टिकतो, साहेब."

"पैसेही जवळजवळ तिप्पटच. मग मला काय मिळालं?"

टिकाऊ ते चांगलं, यापुढे मी कधी गेलोच नव्हतो. तेवढ्यात तुझं बोलणं आठवलं. सोपानराव, हे मोठ्याने वाचा. जेवताना ही म्हणाली होती, "पाथरवट जात्याच्या झिजल्या पाळ्यांना छिन्नीनं टाकी लावाया बसला की जातं दिसभर बंद. मजुरी मोजता, पर पीठ शेजारनं आणावं लागतं, त्यो दिस कोन मोजनार?"

मी विचारलं, "साहेब, बुश बदलायला पंप उघडता, तेव्हा जहाज कुठे असतं?"

"धक्क्याला बांधलेलं."

"तो दिवस आठ रुपयांत धरलाय?"

साहेब हसला. "हे कुणी शिकवलं?"

"घरातून," म्हणालो.

तोही कच्चा नव्हता. "बुश टिकेल हो, पण त्यापायी दांडा झिजला तर? दांडा बुशाहून महाग." शेवटी ठरलं ते असं : एका जहाजाला माझे बुश बसवायचे. वर्षाने उघडून दांड्यावर ओरखडा नसेल, तर पुढचं सगळं काम आपलं. ओरखडा नसणार.

जाताना तू म्हणालीस, "पिंपरीची नोकरी धरलीत की निरोप धाडा, मी येते." त्याचं खाली लिहितो. आधी जात्याचं. पाथरवट बोलावून परवा टाकी लावून घेतली, ते काम मला येत नाही. जातं तयार आहे, पण तू गेल्यापासून उभंच आहे. उभ्या जात्याचा दिवस किती महाग पडतो, ते मला आता कुणी सांगायला नको.

मी येत्या रविवारी चाकणच्या स्टँडवर येऊन थांबतो. यायचं की नाही, ते खालचं ऐकून ठरव.

वाट पाहणारा,
कोंडाजी

ता. क. पिंपरीच्या कंपनीने बोलावलं होतं. फोरमनची जागा, राहायला दोन खोल्या, दरमहा दोनशे चाळीस रुपये. मी नाही म्हणून आलो.