किक त्याची, बोटं माझी

मंगळवार, ८ ऑक्टोबर

आमच्या जुन्या फुटबॉल टीमच्या नव्या किकरने, त्या प्रुइटने, परवा पुन्हा मारली! छप्पन्न यार्डांवरून थेट दोन खांबांमधून, तेही सरोवराकडच्या वाऱ्याविरुद्ध. आमच्या वेळच्या ड्यूईचा साठ यार्डांचा विक्रम आता फक्त चार पावलांवर.

मॅच संपल्यावर मुलाखत होती. पोरगा काय शेखी मिरवतो ते बघू म्हटलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. तर पहिलंच वाक्य – ‘पुढच्याने बॉल मस्त फेकला, होल्डरने मस्त धरला, मी नुसता पाय लावला.’ आणि दोघांची नावं घेतली! आडनावांसकट! होल्डर म्हणजे तो ऑस्ट्रेलियन, केसांचा बुचडा बांधणारा. त्याच्या नावाचे शर्ट विकतात म्हणे दुकानात. बॉल धरणाऱ्याच्या नावाचे शर्ट!

मी सपात फेकून मारली. बायको, लोरेटा, आतून ओरडली – ‘टीव्ही फुटला तर नवा तुझा ड्यूई आणून देणार आहे का?’

नऊ मोसम मी गुडघा टेकून ड्यूईसाठी बॉल धरला. पुढच्याने पायांमधून मागे फेकलेला लंबगोल बॉल पकडायचा, टोकावर उभा करायचा, शिवण खांबांकडे फिरवायची, वर एक बोट ठेवायचं आणि शंभर सव्वाशे किलोचा ड्यूई हॅनिगन आपल्या हातावर धावून येत असताना हलायचं नाही. त्या साठ यार्डांच्या वेळी तर बॉल चिखलातून सरपटत आला होता. कसा उचलला ते माझं मला माहीत. पन्नासहून जास्त वर्षांत ड्यूईने एकदा जरी माझं नाव घेतलं असेल तर शपथ!

डॉक्टर म्हणाले, चिडण्याऐवजी लिहीत जा, रक्तदाब उतरेल. लिहिलं. उतरलेला नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

प्रुइटला सर्दी झाली तर किती बरं होईल.

शनिवार, १२ ऑक्टोबर

व्हिन्सच्या सलूनमध्ये गेलो. भिंतीवर फोटो अजून आहे. ड्यूईचा पाय आभाळात, तोंड उघडं, मागे हिमवर्षाव. आणि चौकटीच्या अगदी खालच्या कडेला दोन बोटं. ती माझी. बाकीचा मी कात्रीखाली गेलो.

ड्यूई फोटोखालच्याच खुर्चीत बसला होता, टीमचं जाकीट घालून. व्हिन्स चाळिशीचा आहे, आमच्या मॅचेस त्याने फक्त जुन्या फितींवर बघितल्यात, पण जीभ लांब.

‘खरं सांगू का काका,’ मला म्हणाला, ‘तुमच्या वेळचा सगळा संघ आजच्या मैदानात उतरवला ना, तर पहिल्या पंधरा मिनिटांत ॲम्ब्युलन्स कमी पडतील.’

‘आणि आजचा संघ आमच्या वेळी नेला तर?’ मी म्हटलं. ‘चिखल बघूनच बसमधून उतरायचे नाहीत. आता किकरसाठी बॉल वेगळा, तो आधी ब्रशने घासून ठेवतात! तिरकं पळत यायचं, सॉकरसारखा पाय फिरवायचा, एवढंच काम. बाकी दिवसभर बाकावर गुबगुबीत कोट घालून बसा. ड्यूई अख्खी मॅच समोरच्यांना डोक्याने धडका देत खेळायचा आणि मग त्याच चिखलाच्या बुटाने, सरळ पळत जाऊन, अंगठ्याने मारायचा. त्यात परत हिवाळा संपला की टायर विकायला जायचो आम्ही.’

‘डोक्याने!’ व्हिन्स म्हणाला. ‘आता तसं केलं तर हाकलून देतात.’

‘म्हणून तर खेळ बुळबुळीत झालाय. आता कोणाला जरा घेरी आली की निळ्या तंबूत नेतात, डॉक्टर टॉर्च मारतो. आमच्या वेळी नाकाखाली अमोनिया धरायचे, समोर बोटं नाचवायचे आणि किती आहेत विचारायचे. ड्यूई दर वेळी दोनच सांगायचा! आणि दर वेळी आत पाठवायचे!’

सगळे हसले. ड्यूई सर्वांत मोठ्याने. मग व्हिन्सने त्याला किकबद्दल विचारलं – दर महिन्याला विचारतो, गिऱ्हाइकांची करमणूक. आणि ड्यूईने दर महिन्याचंच उत्तर दिलं. ‘चिखल होता. वारा होता. बॉल समोर उभा होता. मी मारला.’

बॉल समोर उभा होता! जसा काही जमिनीतून उगवला होता!

मी केस न कापताच घरी आलो.

सोमवार, १४ ऑक्टोबर

खरं म्हणजे मला ड्यूईचं नक्की काय खुपतं? बसून विचार केला.

तो खेळला. मी पास फेकणारा, पण राखीव क्वार्टरबॅक – म्हणजे दुसऱ्या कोणाचा पाय मोडायची वाट बघणारा. कोणाचा मोडला नाही. नऊ मोसमांत मी किती पास फेकले ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. कपडे सांभाळणारा म्हातारा म्हणायचा, ‘माइलोची जर्सी धुवायची नाही, नुसती झटकायची.’ सगळे खिदळायचे. ड्यूईची जर्सी मात्र रक्ताने आणि चिखलाने इतकी ताठ व्हायची की एकटी उभी राहील. त्या जर्सीसाठी मी काय दिलं नसतं! अजूनही देईन.

पैसे त्यालाही काही मिळाले नाहीत. पैशाचं नाही.

बुधवार, १६ ऑक्टोबर

मार्लीनचा फोन. ड्यूईची बायको. मंगळवारी टीमकडून कोणी मुलगी येणार आहे, ड्यूईचा अभिनंदनाचा निरोप चित्रित करायला. विक्रम मोडला की लगेच स्टेडियमच्या पडद्यावर दाखवणार. म्हणजे माणसाच्या डोळ्यादेखत त्याची चोरी व्हायची आणि त्यानेच आधी आभार मानून ठेवायचे! आजकालची ही रीतच आहे.

‘तू ये ना रे माइलो,’ म्हणाली. ‘तू असलास की तो बरा असतो.’

बरा असतो! मी काय त्याची उशी आहे?

जाणार. निदान एक वाक्य माझ्याबद्दल येतं का बघायला जाणार.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

आज जे झालं ते असं.

इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. लोरेटाने वर निळा टाय बांधून दिला आणि ‘नवरदेव’ म्हणाली. टीमची ती मुलगी, जोसलिन, कॅमेरा लावून बसलेली. मी ड्यूईशेजारच्या खुर्चीत बसलो. तर म्हणते –

‘सर, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये खांदा येतोय तुमचा.’

झालो बाजूला. मग तिने आजूबाजूला बघितलं, एक मोठा पांढरा पुठ्ठा माझ्या हातात दिला. ‘उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पाडायचाय. एवढं धराल का, प्लीज? आणि हलू नका हं.’

धरा! हलू नका! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी!

धरला. काय करणार? ड्यूई कार्डावरून वाचत होता. चार ओळी. तरी दर वेळी अडखळायचा, मध्येच थांबून हसायचा, पुन्हा पहिल्यापासून. मार्लीन कॅमेऱ्यामागे उभी राहून ओठ हलवून शब्द पुरवत होती. नुसता भाव खात होता! कॅमेरा समोर आला की त्याला सोडवत नाही, हे मी तेव्हापासून बघतोय. माझे दंड भरून आले.

शेवटी पोरीला देवाने बुद्धी दिली. ‘सर, त्या किकच्या वेळी होल्डर कोण होते? त्यांच्याबद्दल एखादं वाक्य?’

पुठ्ठा हलला माझ्या हातात. ड्यूईने तिच्याकडे बघितलं. मग मार्लीनकडे. मग पसरून हसला. ‘होल्डर? होल्डर काय हो, कोणीही असतो!’

जोसलिनही हसली. मार्लीन खाली बघत होती – लाज वाटली असेल नवऱ्याची. ‘तो मी होतो’ असं मी म्हणू शकलो असतो. नाही म्हटलं. दोन्ही हातांनी पुठ्ठा धरून उभा राहिलो.

निघताना ड्यूईने पाठीवर थाप मारली. ‘थँक्यू रे गड्या! येत जा!’

गड्या! शेजारच्या गल्लीत जन्म गेला आमचा. नावाने हाक मारायला जीभ झिजते का?

बुधवार, २३ ऑक्टोबर

लोरेटाला सगळं सांगितलं. ती कोबीच्या पानात सारण भरत होती. मान वर न करता म्हणाली, ‘तू त्या माणसावर जितका जळलास तितकं माझ्यावर प्रेम केलं असतंस तर मी राणी असते राणी.’

जेवलो नाही. मग उठून तीन गुंडाळ्या खाल्ल्या.

रविवार, २७ ऑक्टोबर

प्रुइट एकसष्ट यार्डांवर किकला उभा राहिला होता. वाऱ्याने बॉल डावीकडे ढकलला, खांबाला लागून बाहेर. मी खुर्चीतून उडी मारली! आनंदाने ओरडलो!

आणि मग माझंच मला कळेना, कोणासाठी ओरडलो ते. ड्यूईचं नाव राहिलं म्हणून मी नाचतोय?

शनिवार, २ नोव्हेंबर

पुढच्या रविवारच्या मॅचला टीमने ड्यूईला बोलावलं होतं, घरच्या मैदानावर. मानाची खुर्ची, ब्लँकेट, सगळं. मार्लीनने कळवलं, त्याला बरं नाही.

बरं नाही! शुक्रवारी हॉटेलात बसून तळलेले मासे खात होता, मी काचेतून बघितलं. मार्लीन त्याचे काटे काढून देत होती. महाराजांचे लाड! मला बोलावलं असतं तर मी स्ट्रेचरवरून गेलो असतो.

रविवार, १० नोव्हेंबर

मोडला.

एकसष्ट यार्ड. मधोमध. वाद घालायला जागाच नाही. मला वाटलं होतं, बरं वाटेल. सुटलो एकदाचे त्या फोटोपासून. पण नाही वाटलं. इतकी वर्षं लोक ‘ड्यूईची किक’ म्हणायचे आणि मी मनातल्या मनात ‘आणि माझी’ म्हणायचो. आता काय म्हणू? निम्मा विक्रम माझाही गेला आणि तो माझा होता हे कोणाला माहीतही नाही.

मग पडद्यावर ड्यूई. एवढा मोठा चेहरा. ‘शाब्बास पोरा. मी खूप वर्षं सांभाळला, आता तू सांभाळ.’ चेहऱ्यावर काय छान उजेड पडला होता! लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझं नाव नाही. अर्थातच नाही.

प्रुइट मैदानात पहिल्यांदा कोणाकडे धावला? ऑस्ट्रेलियनकडे. उचलून घेतलं त्याला. मला कोणी उचललं नव्हतं. त्या दिवशी सगळे ड्यूईवर पडले आणि मी गुडघ्यावरून उठून एकटाच चिखल पुसत होतो.

टीव्ही बंद केला. ड्यूई हॅनिगनशी आपलं बोलणं संपलं. कायमचं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

मार्लीनचे फोन. उचलले नाहीत. वाजू देत.

रविवार, १७ नोव्हेंबर

मार्लीन पायरीवरून घसरली, मनगट मुरगळलं. गाडी चालवता येत नाही. मंगळवारी ड्यूईला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचंय. लोरेटाने परस्पर हो सांगून टाकलं.

‘तो टॅक्सीने जाऊ शकतो,’ मी म्हटलं.

‘नाही जाऊ शकत,’ ती म्हणाली. ‘एकट्याला सोडायचं नाही असं मार्लीनने बजावलंय.’

बघा! आता साहेबांना सोबतही लागते. नेईन. पण एक शब्द बोलणार नाही.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

सरोवराकाठच्या रस्त्याने नेलं. तोच बोलला.

‘छान चालवता हो गाडी तुम्ही.’

मला वाटलं चेष्टा करतोय. बघितलं तर चेहरा अगदी सभ्य. परक्याशी बोलावं तसा.

‘मी किक मारायचो, माहीत आहे का तुम्हाला? मोठी किक होती एक. लोक मलाच डोक्यावर घेतात. पण खरं सांगू? बॉल चिखलातून सरपटत आला होता. बॉल धरायला जो पोरगा होता ना, त्याने तो कसा उचलला, कसा उभा केला, देव जाणे. काय हात होते! मी नुसता पाय लावला. त्याचं नाव मात्र काही केल्या आठवत नाही. बायकोला विचारलं की ती रडते, म्हणून विचारत नाही. तुम्ही ओळखत होता का त्याला?’

‘हो,’ मी म्हटलं.

‘कसा होता माणूस?’

‘जळकुकडा.’

तो खो खो हसला. बराच वेळ हसला. मग माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाला, ‘असू दे हो. भेटला कुठे तर घेऊन या त्याला एकदा घरी.’

आणतो, म्हटलं.