राणीची समजूत आणि ताईचा गुडघा

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. इथे आम्ही सगळे ठीक. तुझी तब्येत मी विचारत नाही, कारण विचारली की तू फोन ठेवतेस. (म्हणून पत्र. ते फार तर फाडता येतं.) गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तुझं मन वळवायची कामगिरी घरच्यांनी माझ्यावर टाकली आहे, हे तुला कळलंच असेल. मीही छातीठोकपणे हो म्हणून बसलो. पण या पत्रात त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही.

सांगायचं ते वेगळंच. मुलाने आणि सूनबाईने मला त्यांच्या रविवारच्या खेळात ओढलंय. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने गोष्टीतलं एक पात्र व्हायचं. गोष्ट सूनबाई चालवते, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. मी चोर आहे. (जन्मभर औषधांच्या दुकानात बसलेल्या बापाला चोर करायची कल्पना चिरंजीवांची.) कुलूप उघडणं, गोड बोलणं ही चोराची कौशल्यं. मी म्हणालो, कुलूप उघडतो. सूनबाई म्हणाली, बाबा, नुसतं उघडतो नाही, कसं ते सांगा. झाली पंचाईत. आपण दुकानदार माणसं. गोळी दिली, विषय संपला. पण मी हट्टाला पेटलो. तार वाकवली, दाराला कान लावला, श्वास रोखला, खटका पडला, आत शिरलो, सोन्याची पेटी उचलली आणि जाता जाता पहारेकऱ्याला टोपी काढून सलामही ठोकला. मग फासा टाकला. पडला एक. म्हणजे कुलूप उघडलंच नाही, आणि मी बंद दारासमोर टोपी हातात घेऊन उभा. मुलगा इतका हसला की चहा त्याच्या नाकातून आला. आपण काय करतो तेवढंच सांगायचं, पुढे काय झालं ते नाही, असं सूनबाईने मला दोनदा समजावलं.

काल गोष्टीत एक म्हातारी राणी आली. किल्ल्याचा पूल खाली सोडायला तयार नाही. मी म्हणालो, तिची समजूत घालतो. सूनबाई राणीच्या आवाजात म्हणाली, घाल की. आणि ताई, मी ‘तुमच्या भल्यासाठीच सांगतोय’ म्हणालो, तर राणीने खिडकी लावून घेतली. फाशाची वेळच आली नाही. तुलाही मी इतके दिवस हेच एक वाक्य ऐकवतोय, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

तुझा,
भाऊ

ता. क. : चकार शब्द काढणार नाही म्हणालो, ते पत्रापुरतं. ता. क. पत्रात धरत नाहीत.

ता. क. दुसरा : ‘मी काळजी घेईन’ असं नुसतं म्हणत नाही. सकाळी गाडी घेऊन येईन. तुझी कवळी रुमालात गुंडाळून माझ्या खिशात ठेवीन, कुणाला दिसू देणार नाही. ऑपरेशन चालू असेपर्यंत दाराबाहेरच्या बाकावर बसेन, जेवायला बोलावलं तरी उठणार नाही. व्यायाम करून घेणारी बाई आली की तुझ्याबरोबर मीही पाय उचलीन, तिने हाकललं तरी. तू भिंतीला धरून जिना उतरतेस ते मला बघवत नाही, ताई. भीती वाटते.

ता. क. शेवटचा : मंगळवारची तारीख मी तुला न विचारताच घेऊन ठेवली आहे. नको असेल तर फोन कर. मी उचलणार नाही.