आवाज कुठे कापायचा

८ नोव्हेंबर २००५, मंगळवार
सकाळी दुकान उघडतो तोच गणवीर काकांची जीप पुन्हा दारात. काका उतरले, "जयभीम बावा" म्हणाले, आणि चेहऱ्यावरूनच कळलं की माझं काम फसलं.
मागच्या सीटवर काकू. गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. काकांची गाणाऱ्यांची पार्टी पांढरकवड्याहून गावोगाव फिरते, आणि इतकी वर्षं पुढे काकूच. आता पार्टी त्यांची जुनी कॅसेट वाजवते आणि काकू घरात बसून असतात. म्हणतात, टेपमधली ती मी नाहीच. म्हणून तर काकांनी जीपमध्ये नवा सेट बसवायला दिला: दारात मोठा स्पीकर, वर मधला, काचेजवळ बारीक आवाजाचा ट्विटर. आवाज तिघांत वाटून देणारे क्रॉसओव्हर मी नागपूरहून तयार आणले. चकचकीत डब्या, माझी छाती फुगलेली.
गाणं लावलं. काकू अर्धं ऐकून काकांच्या कानाशी लागल्या. काका म्हणाले, "ते म्हन्ते, दोन बाया गाऊन राह्यल्या."
राग आला. मग स्वतः मागे बसून डोळे मिटले. खरंच दोन! जाड आवाजाची एक पायाजवळ, बारीक आवाजाची एक काचेत. बारा वर्षं गाड्यांत टेप बसवायच्या धंद्यात आहे मी. काकूंपुढे मान खाली घातली आणि जीप ठेवून घेतली.

१० नोव्हें., गुरु.
दिवसभर लोडशेडिंग. कागद-पेन घेऊन बसलो. तयार डबी आवाज आठशे हर्ट्झवर कापते, म्हणजे बाईच्या गळ्याच्या बरोबर मधोमध. गळा अख्खा ठेवायचा तर पहिला काप तीनशेच्या आसपास हवा, दुसरा थेट चार हजारावर. मधलं सगळं एकट्या मधल्या स्पीकरकडे. ट्विटरला फक्त झांजेची किणकिण.
पण तीनशेसाठी कॉइल मोठी लागते, कपॅसिटरही मोठा. नागपूरवाल्याला फोन केला. "तयार आहे तेच घ्या ना, कोण ऐकतंय एवढं!"
कोण ऐकतं ते त्याला काय माहीत.

१२ नोव्हें., शनि.
लीलाताईकडे गेलो. माझ्यापासून तिसरं दुकान, पंपाच्या जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग. बापाकडून शिकली. यंदा कापसाला भाव नाही तरी मोटारी जळायच्या थांबत नाहीत, व्होल्टेजच नाही तर काय. दुकानापुढे रांग.
"वेढे सांग भाऊ, बाकीचं मले समजत नाही," म्हणाली.
पाइपाचा तुकडा घेतला आणि तांब्याची तार गुंडाळायला लागली. मधे दोन गिऱ्हाइकांशी बोलली, एकाला झापलं, चहा सांगितला. वेढा चुकला नाही. मी बाजूला बसून मोजत होतो, सत्तरच्या पुढे मीच हुकलो. कपॅसिटरचं म्हटलं तर पंख्याचे अडीच-अडीचचे चार काढून एकत्र जोडले, "झाले तुह्ये दहा." मोठा हवा तर मोटार चालू करायचा समोर ठेवला. मी नागपूर धुंडाळत होतो, आणि माल तीन दुकानं पलीकडे. काखेत कळसा.
काय हात आहेत! बघतच राहावं.

१५ नोव्हें., मंगळ.
टेबलावर जोडून ऐकलं. गणवीर काकू एकच, समोर उभ्या. अंगावर काटा आला.
दोन बाजूंचे दोन संच बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यांत पक्के बसवले. झाकण, स्क्रू, वरून काळा रंग. देखणं काम.

१८ नोव्हें., शुक्र.
जीपमध्ये आवाज गोधडीतून आल्यासारखा. टेबलावर सोनं, गाडीत माती. तीन दिवस तारा तपासतोय. बायको म्हणते, जेवताना तरी गाडीतून उतरा.
काकांचं रविवारी २७ ला फुलसावंगीला गाणं आहे. त्यांना एवढंच हवंय की त्या दिवशी काकू सोबत याव्यात. तसं स्पष्ट बोलले नाहीत. फक्त विचारलं, "तवरोक होईन ना बावा?"
हो म्हणून बसलोय.

२१ नोव्हें., सोम.
शेवटी लाज सोडली आणि एक डबा लीलाताईपुढे ठेवला. तिने तारांकडे पाहिलंही नाही. पत्र्यावर टिचकी मारली.
"हे कायले?"
"मजबूत राह्यते ना ताई."
हसली, मग हसू आवरून समजावलं. "भाऊ, मोटारीत आपन लोखंड काहून भरतो? वाइंडिंगले जोर यावा म्हनून. तू पत्र्यात कोंबून तिले फुकटचा जोर देल्ला. वेढ्याचा हिशोब गेला कुठच्या कुठं. अन् ह्या दोन कॉइली म्हंजे दोघी जावा, एका चुलीपाशी बसवल्या. भांडन तं होईनच! एक उभी ठेव, एक आडवी. दूर. अन् लाकडावर."
बाकीचं मले समजत नाही, म्हणे! तिच्या पाया पडायचंच राहिलं होतं फक्त. माझ्या सहा दिवसांची अक्कल तिने एका टिचकीत काढली, आणि मला वाईट वाटलं नाही. उलट आनंदच झाला.

२४ नोव्हें., गुरु.
संत्र्याच्या पेटीच्या फळ्या. कॉइल एक उभी, एक आडवी, वीतभर अंतर. दिसायला अगदी गबाळं. सीटखाली सरकवलं.
ऐकलं. काही लिहीत नाही, काकू ऐकतील तेव्हा खरं.

२६ नोव्हें., शनि.
काकू आल्या, जीपमध्ये मागे बसल्या. मी लीलाताईलाही हाक मारून आणली, ती दारापाशी उभी. गाणं लावलं.
काकू हलल्या नाहीत. तिसरं कडवं आलं तसा त्यांनी काकांचा हात घट्ट धरला. गाणं संपलं. मग कुजबुजल्या, मलाही ऐकू आलं.
"एकच बाई हाय आता. मीच हाव." मग, "तिसऱ्या कडव्यात एक ओळ सुटली माही."
काका म्हणाले, "सहा वर्सं झाले, कोनाले पत्ता नाही!"
इतकी वर्षं ढोलकी-झांजेच्या गजबजीत सुटलेली ओळ कुणाला कळणार. लीलाताईने विचारलं, "कोनती वो काकू?"
काकूंनी सांगितली. श्वास पुरवत, थांबत थांबत.
"एकला बसू नको गड्या, हाक मार शेजाऱ्याले."
यंदा गावागावांत शेतकरी जीव देताहेत, ते सगळ्यांनाच माहीत आहे.
काकू म्हणाल्या, "तेच तं कामाची होती. लोकायले सांगा लागन."
"मंग तूच चाल ना सांगाले," काका म्हणाले. "माइक जवळ धरतो."
काकूंनी काच वर केली, पुन्हा खाली केली. लीलाताई पदर डोळ्यांना लावून दुकानात निघून गेली. माझेही डोळे भरले होते, लपवून काय करू.

२७ नोव्हें., रवि.
सकाळी आठ वाजता जीप दुकानावरून निघाली होती. मी हात करून थांबवली. मागे ढोलकी, झांज, पार्टी दाटीवाटीने. काका स्टीअरिंगवर.
"काकू?"
"पार्टीले घेतलं, आता घरावरूनच जातो. दारात उभी दिसली तं घेतो."
टेप लावून पाहिला. कॅसेट तिसऱ्या कडव्याच्या जरा आधी आणून थांबवली होती. मागचे सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, तरी पुढे कोणी सरकत नव्हतं. पुढच्या सीटवर काकांनी रुमाल टाकून जागा धरली होती.