मी जायला मागितलं नव्हतं

मी, नाझ्झारेनो मांदोलेसी, गावात सगळ्यांचा नेनो, कै. प्रिमो मांदोलेसी यांचा मुलगा, जन्म मोंतेगारो गावी १४ मे १९५७, राहणार तिथेच, धंदा आधी फुटबॉलमधला बचावपटू आणि नंतर बूटदुरुस्ती, आज नोटरी श्रीमती इल्डे क्विंतिली यांच्या कचेरीत दोन साक्षीदारांसमोर माझी शेवटची इच्छा सांगतो आहे. त्या ती लिहून घेत आहेत. फुप्फुसं कामातून गेली आहेत, डोकं शाबूत आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. उलट या खोलीत आज दुसऱ्याच एका माणसावर दडपण आहे, आणि ते मी आणलं आहे.

२०१५ साली केलेलं माझं मृत्युपत्र या कागदाने रद्द होतं.

कलम १. वडिलांचं घर, खालचं दुकान आणि बँकेत जे काही असेल ते माझी एकुलती मुलगी लुआना हिला द्यावं. बँकेकडून तिने फार आशा ठेवू नये. घराला एक अट आहे. रस्त्याकडच्या भिंतीवर १९८१ च्या उन्हाळ्यात कुणीतरी काळ्या रंगाने माझ्या नावापुढे 'विकाऊ' असं लिहिलं होतं. बाबांनी स्वतः शिडीवर चढून त्यावर चुना मारला, पण ओल आली की अक्षरं वर येतात. कलम ६ प्रमाणे वाचन होईपर्यंत लुआनाने ती भिंत रंगवू नये.

कलम २. बाबांची चामडं कापायची सुरी माझ्या शवपेटीत ठेवावी. नोटरीबाई म्हणतात, यासाठी परवानगी लागेल. लागली तर काढावी.

कलम ३. अकरा वर्षांत मी सहा क्लबांकडून खेळलो. तीनदा नाक मोडलं. गोल एकच झाला, तोही आपल्याच जाळ्यात. सहापैकी पाच क्लबांचे शर्ट चर्चच्या जुन्या बाजारात द्यावेत. मोंतेगारोचा लाल शर्ट, पाठीवर पाच नंबर असलेला, माझ्या अंगावर घालावा. तो मी आपणहून उतरवला नव्हता.

कलम ४. 'इओले' ही मासेमारीची बोट, जिला माझ्या बायकोचं नाव आहे, अर्धी माझी आणि अर्धी सेत्तिमिओ चार्रोक्की याची आहे. सेत्तिमिओ माझा शाळेपासूनचा मित्र. माझ्या लग्नात माझ्या बाजूला तोच उभा होता, आणि बायको गेल्यापासून दर रविवारी माझ्याच टेबलावर बसून मासळीचा रस्सा ओरपत होता. २०१५ च्या मृत्युपत्रात मी माझा अर्धा वाटा त्याला दिला होता. आता तो लुआनाला जावा. तिने तो कुणालाही विकावा, सेत्तिमिओ सोडून.

हे सांगताना सेत्तिमिओ माझ्यासमोरच बसला आहे. तो आजचा साक्षीदार आहे. कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, हे त्याला इथे आल्यावर कळलं. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो, "सही करायला ये, आणि टाय लावून ये." त्याला वाटलं, बोटीचं काम आहे. टाय लावलाय त्याने.

कलम ५. हे कलम नोटरीबाईंनी शब्दशः लिहावं.

त्या काळी एक खेळाडू दोन क्लबांच्या अर्ध्या-अर्ध्या मालकीचा असू शकत होता. मी अर्धा मोंतेगारोचा होतो आणि अर्धा उत्तरेकडच्या एका मोठ्या क्लबाचा. खेळत होतो मोंतेगारोत. मालकी सोडवायची वेळ आली की दोन्ही क्लब एकेक आकडा लिहून बंद पाकीट मिलानला, लीगच्या कचेरीत, पाठवत. ज्याचा आकडा मोठा, त्याला अख्खा माणूस. दोघांनीही जागा रिकामी ठेवली तर माणूस जिथे आहे तिथेच राहत असे.

आमच्या क्लबचे अध्यक्ष कै. ओराझिओ सांतारेल्ली यांचा बुटांचा कारखाना होता. बाबा तिथे एकतीस वर्षं चामडं कापत होते. जून १९८१ मध्ये सांतारेल्ली चौकातल्या बारमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले होते, "नेनो आपला पोरगा आहे. त्याला कोण नेतो ते बघतोच." पाकीट घेऊन मिलानला गेला तो सेत्तिमिओ, कारण तो क्लबचा चिटणीस होता.

मी गेलो. उत्तरेकडच्या क्लबला अख्खा मिळालो आणि दोन हंगाम त्यांच्या राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलो. गावात सांतारेल्लींनी सांगितलं की त्यांनी घसघशीत आकडा लिहिला होता, पण पोरानेच हट्ट धरून त्या क्लबला त्याहून मोठा आकडा लिहायला लावलं, पोराला मोठा क्लब हवा होता. गावाने ते मानलं. १९८५ मध्ये मी पाहुण्या संघाकडून मोंतेगारोत खेळायला आलो तेव्हा पूर्ण नव्वद मिनिटं मला हिणवणाऱ्या शिट्ट्या वाजल्या. लहानपणापासून मला ओळखणारी माणसं होती ती.

बाबा फेब्रुवारी १९८८ मध्ये गेले. आदल्या दिवशी मी त्यांच्या खाटेजवळ होतो, सेत्तिमिओही होता. मी म्हणालो, "बाबा, मी जायला मागितलं नव्हतं."

बाबा म्हणाले, "मालक खोटं कशाला बोलतील?"

मी सेत्तिमिओला म्हणालो, "अरे, तू तरी सांग. पाकीट तू नेलं होतंस."

तो म्हणाला, "पाकीट बंद होतं, काका. आत काय होतं मला काय ठाऊक."

बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

या वर्षी मार्चमध्ये सेत्तिमिओने घर बदललं. मी खोकी उचलायला गेलो. बिस्किटांच्या एका डब्यात मिलानचा शिक्का असलेलं, तिथे उघडून क्लबकडे परत पाठवलेलं पाकीट सापडलं. आतल्या कागदावर माझं नाव, जन्मतारीख आणि सांतारेल्लींची सही होती. आकड्याची जागा कोरी होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

तो पलंगावर बसला. म्हणाला, "दोन्ही अध्यक्षांचं जेवताना ठरलं होतं, दोघांनीही कोरं ठेवायचं, म्हणजे फुकटात तू इथेच. त्या लोकांनी शब्द फिरवला, आकडा लिहिला. आता आपण फसलो हे मालक गावाला कसं सांगणार?"

"आणि तू?"

"मालक होते तोवर तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती, नेनो."

"त्यांना जाऊन वीस वर्षं झाली."

"नंतर तू विचारलंच नाहीस."

"बाबांसमोर विचारलं होतं."

यावर त्याने मला विचारलं, कॉफी घेणार का.

सांतारेल्लींना मी कधीच माफ केलं आहे. ते मालक होते, मालकासारखे वागले. स्टॉपरचं, म्हणजे मधल्या बचावपटूचं, काम म्हणजे समोरच्या माणसावरून नजर हलवायची नाही. मी अकरा वर्षं ते इमानाने केलं, आणि पाठीमागे कोण उभा आहे हे एकदाही पाहिलं नाही. मला त्याचा राग येतो, आणि दर रविवारी त्याची आठवणही येते. हेही लिहावं.

कलम ६. माझ्या दफनानंतरच्या पहिल्या रविवारी, चर्च सुटल्यावर, लुआनाने हे मृत्युपत्र चौकातल्या बारमध्ये मोठ्याने वाचावं, पहिल्या शब्दापासून सह्यांपर्यंत. एकट्या पाकिटाने काही सिद्ध होत नाही, लोक म्हणतील म्हाताऱ्याने घरी बसून बनवलं. म्हणून ते नेणाऱ्याची सही या कागदावर हवी. मग लुआनाने भिंत रंगवावी. रंग तिने निवडावा.

नोटरीची नोंद: वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवायला घेतला. कलम ५ संपताच श्री. चार्रोक्की "गाडी चुकीच्या जागी लावलीय" असं म्हणून बाहेर गेले. तासभर वाट पाहिली, ते परतले नाहीत. त्यांच्या जागी खालच्या औषधाच्या दुकानातून श्रीमती तेआ विर्जिली यांना बोलावून संपूर्ण मजकूर पुन्हा वाचला. साक्षीदार म्हणून आता श्री. चार्रोक्की यांच्यावर बंधन उरलेलं नाही, तेव्हा बोटीचं कलम बदलायचं आहे का, असं मी विचारलं. मृत्युपत्रकर्ते म्हणाले, "नको. पण त्याची सहीची जागा खोडू नका. नाव लिहा आणि पुढे कोरं सोडा. लुआनाने वाचताना तिथे थांबावं आणि कागद सगळ्यांना दाखवावा."

मृत्युपत्रकर्ता: नाझ्झारेनो मांदोलेसी (सही)

साक्षीदार: एव्हारिस्तो कोन्ती, सुतार (सही)

साक्षीदार: तेआ विर्जिली, औषधविक्रेत्या (सही)

नोटरी: इल्डे क्विंतिली (सही, शिक्का)

मोंतेगारो, ९ नोव्हेंबर २०२३, सकाळी साडेअकरा

सेत्तिमिओ चार्रोक्की, क्लबचे माजी चिटणीस: