तोनीसाहेबांचा नसलेला भाऊ

प्रिय तोनीसाहेब,

तुम्हाला अकोल्यात तापानं नेलं, त्याला आज तेरा दिवस झाले. खरं तर सांत्वनाचं पत्र इटलीतल्या तुमच्या भावाला लिहायचं होतं. पत्ता विचारायला काल तुमच्या खानसाम्याला गाठलं, तर हुसेननं उलट मलाच विचारलं.

"कोनता भाऊ, पाटील? साहेबाले कोनीच नव्हतं. दोनी तऱ्हेच्या गोष्टी साहेबच लिहे."

ते पत्र राहिलं, म्हणून हे तुम्हालाच लिहितोय.

अहो, असं कसं केलंत? अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेला आपला कापूस पुरेना, आणि तुम्ही खरेदीला अमरावतीत आलात. मी तुमचा पारखी. बाजार उठला की मोडक्यातोडक्या वऱ्हाडीत तुम्ही मला स्वतः लिहिलेल्या गोष्टी वाचून दाखवायचात. समुद्र पिळून दोरीवर वाळत घालणारी ती धोबीण! वाक्य सुरू झालं की थांबायचं नाव नाही, ऐकताना मलाच धाप लागायची.

आणि दुसऱ्या दिवशी ती दुसरी. मुलगा लढाईत हात गमावून घरी येतो. बाप काहीच विचारत नाही, भाकरीचे तुकडे करून त्याच्यापुढे ठेवतो. संपली गोष्ट! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

"हे तुमची नाई," मी ठासून म्हणालो. "एका गाठीत दोन जातीचा कापूस निघाला, त मी भेसळ म्हनतो."

तुम्ही हसलात. "मंग भावाची समजा."

मूठभर कापूस उपसायचा, चिमटीत धागा ओढायचा, निकाल द्यायचा आणि तो कधी फिरवायचा नाही, ही माझी बाजारातली ऐट. तीच तुमच्यावर चालवली. वर सुनावलंही, "तुमी कापूसच घ्या साहेब, लिहाचं भावावर सोडा."

धोबिणीची गोष्ट पुढं आलीच नाही. हुसेन सांगतो, त्याच दिवशी तुम्ही ती अर्ध्यावर सोडलीत. एकदा तरी तुम्ही मला झापायचं होतं! इतकं का जपलंत मला?

श्वास न घेता बोलणारा आणि दोन ओळींत गप्प होणारा माणूस एकच असू शकतो, एवढंही मला कळू नये? आता दोघेही आवडतात हो. सांगू कुणाला?

उद्या बाजार भरला की जन्मात पहिल्यांदा मी निकाल फिरवणार आहे. सगळ्यांसमोर दोन्ही गोष्टी तुमच्याच नावानं सांगेन. धोबिणीची जिथं तुटली तिथंच थांबेन, पदरचा एक शब्द जोडणार नाही. कुणी विचारलं, "पुढं काय झालं?", तर सांगेन, पुढचं मी लिहू दिलं नाही.

तुमचाच,
नारायण