न्हाणीघरामागचा गुलाब आणि माझी इतर मालमत्ता

न्हाणीघरामागच्या गुलाबावरून काढून रानगुलाबाच्या खुंटरोपांवर कलमासाठी भरलेले डोळे, म्हणजे कोंब, धरले आहेत, आणि नव्या कलमांना मूळ झाडासारखीच फुले आली आहेत. नर्सरीवाल्यांनी आज सकाळी स्वतः येऊन हे सांगितले. खात्री पटावी म्हणून एक कुंडीही आणली. कुंडीत खोचलेल्या पट्टीवर त्यांनी नव्या जातीचे नाव म्हणून माझे टोपणनाव लिहिले आहे: ‘चिमटेमास्तर’. ती पट्टी पाहून मी हे लिहायला बसलो. वकिलांकडे पाकिटात बंद असलेले माझे आधीचे मृत्युपत्र यापुढे रद्द समजावे.

मी दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामातून निवृत्त झालेला विधुर. माझे डोके ठिकाणावर आहे, स्मरण शाबूत आहे आणि हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. लाज आहे, पण ती दबावात मोडत नाही, असे वकिलांचे मत पडले.

१. घर. पुढचा अर्धा भाग माझा. मागचा थोरल्या भावाचा होता. तो गेल्यापासून वहिनींचा. न्हाणीघर मागच्या भागात येते, हे पुढे लागणार आहे म्हणून इथेच नमूद करतो. माझा भाग लेकीला द्यावा. तो विकायचे तिच्या मनात आल्यास तिने आधी वहिनींना विचारावे, आणि उभ्याउभ्या नव्हे, बसून विचारावे.

२. बँकेतली शिल्लक. तीही लेकीला. असायला हवी होती तेवढी नाही. कुंड्या, जाळ्या आणि बुरशीच्या औषधांत गेली. हे तिच्या आईने मला हयातभर ऐकवले आहे. लेकीने तेच पुन्हा म्हणण्याचे कारण नाही.

३. हत्यारे. कवळ्यांची हत्यारे माझ्या कामावरच्या जुन्या जोडीदाराला. त्यातली निम्मी त्याने ‘उद्या आणून देतो’ म्हणून आधीच नेलेली आहेत.

बारीक टोकाचा चिमटा आणि परागाचा कुंचला लेकीला. याच चिमट्याने मी उमलायच्या आधीच्या कळीतले पुंकेसर काढायचो, तिच्यावर कागदी पिशवी चढवायचो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जातीचा पराग कुंचल्याने टेकवायचो. फळ पिकले की बिया ओल्या वाळूत घालून फ्रीजमध्ये, लोण्याच्या शेजारी. एकदा लेकीने याच चिमट्याने भुवया कोरल्या म्हणून मी घर डोक्यावर घेतले होते. त्याबद्दल दिलगीर आहे. भुवया छान दिसत होत्या.

४. गुलाब मंडळाची ढाल. अध्यक्षांना परत करावी. जिच्यासाठी ती मिळाली ती जात वर्षभरात पानांवरच्या काळ्या ठिपक्यांनी संपली. ढाल देताना अध्यक्षांनी फूल पाहिले, पाने पाहिली नाहीत. मीही पाहिली नव्हती.

५. न्हाणीघरामागचा गुलाब. हे झाड मी कोणालाही देत नाही, कारण ते माझे नाही.

बियांपासून वाढवलेल्या रोपाचे पहिले फूल पाहायचे आणि तिथल्या तिथे ठरवायचे, ठेवायचे की उपटायचे, हा माझा नियम. रोपे फार, जागा थोडी. या रोपाचे पहिले फूल फिके, विरळ आणि एका बाजूला कललेले होते. मी ते मुळासकट उपटून खताच्या ढिगावर टाकले. वहिनी दोरीवर कपडे घालत होत्या.

“भाऊजी, ह्यानं काय केलं?”

“पाच पाकळ्या, वहिनी. आणि मान वाकडी.”

“मान तुमचीही वाकडीच आहे. तुम्हाला फेकलं का कुणी?”

त्यांची कवळी मीच बनवली आहे, त्यामुळे असल्या बोलण्याची थोडी जबाबदारी माझ्याकडे येते. मी हसून आत गेलो. त्यांनी रोप उचलून न्हाणीघरामागे लावले. त्यांना त्यात काही खास दिसले होते असे नाही. “जिवंत होतं म्हणून लावलं,” एवढेच त्या सांगतात.

दुसऱ्या वर्षी त्याला भरगच्च फुले आली. सकाळी जर्दाळूच्या रंगाची, उन्हे कलताना कडांना लालसर. पानांवर ना भुरी, ना ठिपका. ते मी रोज पाहत होतो आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नव्हतो.

मग खुंटरोपे द्यायला आलेले नर्सरीवाले हात धुवायला मागे गेले आणि तिथूनच ओरडले, “मास्तर, अहो, हे कुणाचं?”

“माझंच,” मी म्हणालो. “मुद्दाम इकडे ठेवलंय. निरीक्षणासाठी.”

वहिनी बादली घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “हो, भाऊजींचंच. मी आपलं कपड्यांचं शेवटचं पाणी घालते.”

त्यांनी मला तिथेच खोटे पाडले असते तर बरे झाले असते. त्यानंतर एक दिवस असा गेला नाही, की ताट वाढून त्यांनी आतून हाक मारली नाही: “भाऊजी, निरीक्षण झालं असेल तर जेवायला या.”

संकर मी केला, हे खरे. पण आमच्या कामात संकर हा हाताच्या सवयीचा भाग आहे. कोणते रोप ठेवायचे हे कळणे, हीच खरी पैदास. आणि तिथे मी पहिल्या फुलावर निकाल देऊन मोकळा झालो. याच नियमाने वर्षानुवर्षे ज्यांना उपटले त्यांचे दुसऱ्या वर्षीचे फूल मी पाहिलेच नाही. हल्ली खताच्या ढिगाकडे मला बघवत नाही.

हे सगळे मी आधीच्या मृत्युपत्रातही लिहिले होते. पाकीट माझ्या माघारी उघडणार, म्हणजे तेव्हा मान खाली घालायला मी नसणार, अशी ती सोय होती. तोवर नर्सरीवाले माझ्या नावाने कलमे विकणार आणि वहिनी पाणी घालत राहणार. आज पट्टी पाहिली आणि त्या सोयीचीच जास्त लाज वाटली.

६. या वर्षीची रोपे. ट्रेमध्ये आहेत, महिनाभरात पहिली कळी धरतील. सर्व रोपे वहिनींना. दुसऱ्या वर्षाचा बहर पाहिल्याशिवाय त्यातले एकही उपटू नये, मी जिवंत असलो आणि मीच उपटायला आलो तरीही.

७. सह्या. उद्या सकाळी नर्सरीवाले आणि शेजारच्या शिंपीणबाई साक्षीला येतील. मी आधी त्यांच्यासमोर सही करीन. त्यांनी करण्यापूर्वी नर्सरीवाल्यांनी पाचवे कलम मोठ्याने वाचावे. सहाव्या कलमात वहिनींना रोपे मिळत असल्याने वकिलांनी त्यांची साक्ष घेऊ नये म्हटले आहे. मात्र मागच्या पायरीवर बसून ऐकायला त्यांना आडकाठी नाही.

कुंडीतली पट्टी मी खरवडून कोरी केली आहे. वाचन संपले की ती आणि पेन वहिनींसमोर ठेवीन. त्यांना पटेल ते नाव त्यांनी लिहावे. लिहिण्याआधी त्या बहुतेक विचारतील, “काय भाऊजी, झालं का निरीक्षण?” तिघांदेखत मी ‘हो’ म्हणायचे आहे.

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, सह्या उद्या, १० फेब्रुवारीला

मृत्युपत्र करणार: ____________

साक्षीदार:
१. ____________ (नर्सरीवाले, पाचवे कलम वाचल्याखेरीज सही करू नये)
२. ____________ (शिंपीणबाई, नर्सरीवाले एखादी ओळ गाळत नाहीत ना, ते पाहावे)